हाताशी राखलेले दोन दिवस

अंटार्क्टिकाच्या सफरीला निघणाऱ्या माणसाला आज सर्वप्रथम जो सल्ला मिळतो तो थंडीच्या कपड्यांविषयी नसतो. तो वेळेविषयी असतो. जहाज सुटण्याच्या किमान दोन दिवस आधी, जमल्यास तीन दिवस आधी, बंदराच्या गावी जाऊन थांबावे, असे प्रवासी कंपन्या सांगतात आणि जाऊन आलेले लोकही तेच सांगतात. हे बंदराचे गाव म्हणजे बहुतेक वेळा अर्जेंटिनातील उशुआया. दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाशी, तिएर्रा देल फुएगो बेटावर, बीगल खाडीच्या काठी वसलेले हे शहर अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पापासून सुमारे एक हजार किलोमीटरवर आहे. त्या खंडाकडे जाणाऱ्या पर्यटक-जहाजांपैकी दहातील नऊ येथूनच सुटतात. मुंबई-पुण्याच्या प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींतही आता ही सफर झळकू लागली आहे. तेव्हा हजारो मैलांवरच्या एका गावातील दोन दिवसांचा विचार मराठी वाचकाने करावा, यात अप्रस्तुत असे काही नाही.

सल्ला व्यवहाराला धरून आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. भारतातून निघालेला प्रवासी दोन-तीन विमाने बदलून ब्यूनस आयर्सला पोहोचतो. परदेशातून येणारी विमाने बहुधा शहराबाहेरच्या एझेइसा विमानतळावर उतरतात, तर उशुआयाकडे जाणारी बरीचशी विमाने शहरातील नदीकाठच्या एरोपार्केवरून उडतात. म्हणजे सामान घेऊन एक महानगर ओलांडणे आले. पुढे साडेतीन तासांचे उड्डाण. उशुआयाला वारा जोराचा आणि ढग खाली उतरलेले. विमानाला उशीर झाला तर त्यात नवल नाही. मागे राहिलेले सामान दुसऱ्या दिवशी येते. आणि जहाज तर कोणासाठीच थांबत नाही. सकाळी जुने प्रवासी उतरवायचे, अन्न, पाणी व इंधन भरायचे, खोल्या झाडून-पुसून सज्ज करायच्या, दुपारी नवे प्रवासी घ्यायचे आणि संध्याकाळी धक्का सोडायचा, असा त्याचा क्रम असतो. जहाजाने एक दिवस रिकामे उभे राहणे म्हणजे मालकाला भुर्दंड. म्हणून वाट पाहण्याचे काम प्रवाशाकडे सोपवलेले असते. दहा-बारा दिवसांच्या सफरीसाठी ज्याला हजारो डॉलर मोजता येतात, त्याला हॉटेलातील आणखी दोन रात्री जड जात नाहीत. अर्थशास्त्राच्या भाषेत हे दोन दिवस म्हणजे विम्याचा हप्ता होय.

विमा कशाविरुद्ध, हे मात्र नीट पाहण्यासारखे आहे. प्रवाशांना दिल्या जाणाऱ्या सूचनांत वादळ, धुके, हरवलेले सामान यांच्या पंक्तीला आणखी एक नाव हमखास बसवलेले असते, ते म्हणजे संप. जणू संप हीही निसर्गाचीच एखादी लहर! वास्तविक अर्जेंटिनातील संपांना तारखा आहेत आणि कारणे आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील नव्या सरकारने पेसोचे मूल्य एका फटक्यात निम्म्याहून अधिक उतरवले. त्या वर्षातील भाववाढीचा दर २११ टक्क्यांवर गेला होता. अनुदाने कापली गेली, कामगार कायदे सैल करण्याचे हुकूम निघाले. त्याविरुद्ध २४ जानेवारी २०२४, ९ मे २०२४ आणि १० एप्रिल २०२५ या दिवशी कामगार संघटनांनी सार्वत्रिक संप पुकारले आणि विमानसेवा विस्कळीत झाली. यांतील पहिला संप तर अंटार्क्टिकाच्या ऐन हंगामात होता. उशुआयाच्या हॉटेलात हाताशी दोन दिवस राखून बसलेल्या प्रवाशाला त्याची झळ लागली नसेल. पण ज्यांची मजुरी पेसोत मिळते आणि ज्यांच्या गावातील पाहुण्यांचे व्यवहार डॉलरमध्ये चालतात, त्यांना असा कोणताही राखीव दिवस उपलब्ध नव्हता.

हाच या विषयाचा गाभा आहे. अनिश्चितता सर्वांच्याच वाट्याला येते; तिचा भार कोणी कसा उचलायचा, हे मात्र समाजाची रचना ठरवते. प्रवाशाचा रिकामा वेळ हा विकत घेतलेला वेळ असतो. त्या वेळात त्याला खेकड्याचे जेवण मिळते, खाडीतील बेटांवर सील आणि पाणकावळे पाहायला मिळतात. शहरातील कामगाराचा रिकामा वेळ ही त्याची बेकारी असते. अंटार्क्टिकाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा पाच महिन्यांचा. हिवाळ्यात बर्फावरील खेळांचा दुसरा छोटा हंगाम येतो, हे खरे. पण दोन हंगामांच्या मध्ये वाढपी, मोटारचालक, वाटाडे, खोल्या आवरणाऱ्या स्त्रिया यांपैकी अनेकांना पुढच्या बोलावण्याची वाट पाहावी लागते. हंगामी कामगाराला पुढच्या हंगामात परत बोलावले जाण्याचा हक्क अर्जेंटिनाच्या १९७४ च्या कामगार करार कायद्याने मान्य केला, ही चळवळीची मोठीच मिळकत होती. परंतु मधल्या महिन्यांचे वेतन त्या कायद्यानेही दिले नाही. आणि ज्यांचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही त्यांना तर बोलावण्याचाही हक्क नाही.

उशुआयाचा इतिहास पाहिला तर हे शहर दुसऱ्याच्या वेळापत्रकावर चालत आले आहे, असे दिसते. येथील मूळ रहिवासी याघान. शहराचे नावही त्यांच्याच भाषेतले. १२ ऑक्टोबर १८८४ रोजी अर्जेंटिनाच्या आरमाराने येथे राष्ट्रध्वज उभारला आणि त्याच सुमारास गोवराच्या साथीने याघान वस्तीत मृत्यूचे थैमान घातले. त्यांची भाषा मातृभाषा म्हणून बोलणारी शेवटची व्यक्ती, क्रिस्तिना काल्देरोन, फेब्रुवारी २०२२ मध्ये खाडीपलीकडील चिलीच्या प्रदेशात निवर्तली. त्यानंतर आले कैदी. १९०२ साली येथे तुरुंगाची दगडी इमारत बांधण्यास आरंभ झाला, आणि ती कैद्यांकडूनच बांधून घेण्यात आली. लाकडे आणण्यासाठी रूळही त्यांनीच टाकले. याच तुरुंगात सिमोन रादोवित्स्की हा तरुण अराज्यवादी सुमारे १९ वर्षे होता. १ मे १९०९ रोजी ब्यूनस आयर्सच्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्याचा सूड म्हणून त्याने त्याच वर्षी पोलीसप्रमुखावर बाँब टाकला. त्याचा मार्ग लोकशाही समाजवाद्यांना मान्य होण्यासारखा नव्हता. परंतु त्याच्या सुटकेसाठी अर्जेंटिनातील कामगारांनी वर्षानुवर्षे जो आवाज उठवला, तो अखेर १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष इरिगोयेन यांना ऐकावा लागला. १९४७ साली तुरुंग बंद झाला. आज तेथे संग्रहालय आहे, आणि कैद्यांच्या रुळांच्या वाटेवर १९९४ पासून प्रवाशांसाठी वाफेची छोटी आगगाडी धावते. जहाजाची वाट पाहणारे प्रवासी दोन्ही ठिकाणी तिकीट काढून जातात.

कैद्यांनंतर आले कारखान्यांचे कामगार. १९७२ च्या एका कायद्याने या दूरच्या प्रांताला जकात व करांत मोठी सूट दिली. दूरदर्शन संच, पुढे मोबाइल यांची जुळणी करणारे कारखाने उभे राहिले आणि उत्तरेकडील प्रांतांतून मजूर येऊ लागले. १९७० च्या सुमारास पाच-सहा हजार वस्तीचे हे गाव २०२२ च्या जनगणनेपर्यंत सुमारे ८०,००० वस्तीचे शहर बनले. डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात जमीन थोडी. त्यामुळे नव्याने आलेल्यांनी जंगलाच्या उतारांवर मिळेल तशी घरे बांधली. जमिनीची मालकी नाही, उद्या उठावे लागेल, म्हणून काहींनी घराखाली लाकडी ओंडक्यांच्या घसरपट्ट्याच बसवल्या. घरच ओढून नेता यावे, हा त्यामागील हेतू. १२ एप्रिल १९९५ रोजी बंद पडणाऱ्या एका कारखान्याच्या कामगारांसाठी निघालेल्या निदर्शनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि व्हिक्तोर चोके हा बांधकाम मजूर मृत्युमुखी पडला. मे २०२५ मध्ये परदेशी मोबाइलवरील आयातशुल्क १६ टक्क्यांवरून आधी ८ टक्के आणि जानेवारी २०२६ पासून शून्य करण्याची घोषणा सरकारने केली, तेव्हा प्रांतातील धातुकामगार पुन्हा संपावर गेले. कारखाना डळमळला म्हणजे शहराला पर्यटनाचाच आधार उरतो. आणि पर्यटनाची मागणी अशी की, खोल्या प्रवाशांसाठी रिकाम्या हव्यात. ज्या घरात वर्षभर कुटुंब राहिले असते, ते घर हंगामात रात्रीच्या हिशेबाने देणे मालकाला परवडते. प्रवाशाचे दोन राखीव दिवस अशा रीतीने कोणाच्या तरी भाड्याच्या पावतीवर उमटतात.

धक्क्यापलीकडे, जहाजावरही, वेळेचा हाच विषम वाटा आहे. प्रवासी उतरणे आणि नवे प्रवासी चढणे यांमधील काही तास हे खलाशांच्या दृष्टीने सर्वांत कष्टाचे तास असतात. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने कामाची मर्यादा घातली ती चोवीस तासांत १४ तास आणि आठवड्यात ७२ तास अशी. जमिनीवरील कामगाराने आठ तासांचा दिवस मिळवून शतक लोटले, तरी समुद्रावरील ‘मर्यादा’ ही! प्रवासी जहाजांवरील या नोकरवर्गात फिलिपिनो, इंडोनेशियन यांच्या बरोबरीने भारतीयही आहेत. गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात, त्यांच्या पिढ्यान्पिढ्या जगभरच्या जहाजांवर गेल्या. मार्च २०२० च्या मध्यावर उशुआयाहून निघालेल्या एका जहाजावर कोरोनाची साथ पसरली आणि २१७ माणसांपैकी १२८ जणांना लागण झाल्याचे आढळले. एप्रिलमध्ये बहुतेक प्रवासी विमानाने मायदेशी गेले. खलाशी जहाजावरच मागे राहिले. त्याच काळात गोव्यातील शेकडो तारवटी निरनिराळ्या समुद्रांत अडकून पडले होते आणि त्यांची कुटुंबे सरकारकडे दाद मागत होती. वाट पाहण्याची वेळ आली की कोणी कोठे आणि किती काळ वाट पाहायची, हे हुद्द्यावरून ठरते.

बंदरातील प्रतीक्षा नेहमीच अशी नव्हती. शॅकल्टनचे ‘एन्ड्युरन्स’ जहाज ५ नोव्हेंबर १९१४ रोजी दक्षिण जॉर्जिया बेटावरील ग्रिटविकेन या देवमाशांच्या शिकारीच्या ठाण्यावर पोहोचले आणि तेथे बरोबर एक महिना थांबले. हा महिना दिला होता तो तेथील नॉर्वेजियन शिकाऱ्यांच्या अनुभवाला. दरसाल त्या समुद्रात उतरणाऱ्या या मेहनती माणसांनी त्याला सांगितले की, यंदा वेडेल समुद्रातील बर्फ नेहमीपेक्षा फार उत्तरेला आला आहे. शॅकल्टनने ऐकले, काही दिवस थांबला आणि तरीही निघाला. जानेवारी १९१५ मध्ये जहाज बर्फात अडकले आणि त्याच वर्षी बुडाले. त्या जहाजावरील सर्व माणसे वाचली, पण शिकाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील २१ जण भाड्याने घेतलेल्या नॉर्वेजियन जहाजातून ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर उतरले. खर्च जनतेचा होता आणि मिळालेले ज्ञानही जनतेच्याच मालकीचे झाले. त्या मोहिमेचा वारसा सांगणारी ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आजही वास्को येथेच आहे. ‘मोहीम’ हा शब्द तेव्हा अशा कार्यासाठी वापरला जाई. आज जाहिरातींतील प्रत्येक सफर ‘मोहीम’ झाली आहे. शब्द तेवढा टिकला. त्यामागचे प्रयोजन आणि प्रयोजनासाठी वाट पाहण्याची शिस्त मात्र गळून पडली.

या ‘मोहिमा’ आता किती मोठ्या झाल्या आहेत, हे आकडेच सांगतात. १९९० च्या दशकाच्या आरंभी अंटार्क्टिकाला वर्षाकाठी सात हजारांहूनही कमी पर्यटक जात. २०२३-२४ च्या हंगामात ही संख्या सुमारे १,२२,००० झाली. एका वेळी एका ठिकाणी शंभरांहून अधिक माणसे उतरवायची नाहीत, पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजांनी कोणालाच उतरवायचे नाही, कपडे व बूट तपासून-धुऊन बीजे आणि रोगजंतू रोखायचे, असे नियम १९९१ साली स्थापन झालेल्या जहाज-कंपन्यांच्या संघटनेने स्वतःवर घालून घेतले आहेत. त्यांचे पालन बऱ्याच अंशी होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु एका वेळी शंभर माणसे, एवढेच या नियमाने ठरते. अशा किती वेळा, हे त्याने ठरत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासाने असा अंदाज दिला की, जहाजांच्या काजळीमुळे प्रत्येक पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ अकाली वितळते. अंटार्क्टिकावर येणाऱ्या एकूण पर्यटकांच्या संख्येला करारबद्ध राष्ट्रांनी आजवर कोणतीही कमाल मर्यादा घातलेली नाही. नफा ज्यांचा, नियमही त्यांचेच, ही व्यवस्था कितीही सद्हेतूने चालवली तरी तिला नियोजन म्हणता येणार नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळण्यासारखा नाही. पर्यटन थांबवले तर उशुआयाच्या कामगाराचीच चूल आधी विझेल, असे म्हटले जाते. ते खरे आहे. ज्या शहरातील कारखान्यांवर टांगती तलवार आहे, तेथे धक्क्यावरील हमालाला ‘जहाजे नकोत’ असे सांगणे ही दुरून केलेली क्रूर चेष्टा ठरेल. परंतु ‘अनिर्बंध वाढ किंवा उपासमार’ एवढेच दोन पर्याय आहेत, ही मांडणी मालकांच्या सोयीची आहे. याच प्रांताने तिसरी वाट दाखवली आहे. समुद्रात जाळ्यांचे पिंजरे टाकून सामन माशांची पैदास करणाऱ्या उद्योगाने बीगल खाडीत शिरण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मच्छीमार, पर्यावरणवादी आणि सामान्य नागरिक एकत्र आले. ३० जून २०२१ रोजी प्रांतिक विधिमंडळाने एकमताने त्या उद्योगावर बंदी घातली. आपल्या पाण्यात काय चालावे हे जे शहर ठरवू शकते, ते आपल्या धक्क्यावरून किती जहाजे, कोणत्या अटींवर सुटावीत, हेही ठरवू शकते.

त्या अटी कोणत्या असाव्यात, हे ठरवायला फार मोठ्या पांडित्याची गरज नाही. अंटार्क्टिकाकडे जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशामागे डॉलरमध्ये आकारणी व्हावी आणि ती रक्कम दोनच कामांसाठी राखून ठेवावी : शहरातील कष्टकऱ्यांची घरे, आणि दोन हंगामांमधील महिन्यांत हंगामी कामगारांचे निर्वाह-वेतन. प्रवासी दोन दिवसांचा विमा उतरवतो; कामगाराच्या चार महिन्यांचा विमा त्याच सफरीच्या किमतीतून उतरवला गेला पाहिजे. धक्क्यावर जहाज फिरवण्याच्या दिवशी खलाशांच्या विश्रांतीचे तास बंदराच्या अधिकाऱ्यांनी तपासावेत. ते भरले नसतील तर जहाजाला एक दिवस थांबवावे. कोणासाठीच न थांबणारे जहाज आपल्या खलाशांसाठी थांबले, तर प्रवाशांच्या हाताशी राखलेल्या दिवसांचे खरोखरीच चीज होईल.

उरलेला प्रश्न एकट्या उशुआयाच्या आवाक्यातला नाही. १९५९ च्या करारानुसार अंटार्क्टिकावरील प्रादेशिक दावे गोठवले गेले आणि १९९१ च्या माद्रिद मसुद्याने तेथील खाणकामाला मनाई केली. खाण खणायला बंदी असलेल्या खंडावर पर्यटनाची वाढ मोकाट सोडणे विसंगत आहे. या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार भारताला आहे आणि तो जुना आहे. अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत यावा, असा प्रस्ताव भारताने १९५६ मध्येच मांडला होता. दावेदार देशांच्या विरोधामुळे तो मागे घ्यावा लागला. १९८३ मध्ये भारत करारात सामील झाला. मे २०२४ मध्ये करारबद्ध राष्ट्रांची बैठक कोची येथे भरली आणि पर्यटनाच्या नियमनासाठी स्वतंत्र कार्यगटात चर्चा प्रथमच सुरू झाली. तेथे निर्णय सर्वसंमतीने होतात, म्हणून ते सावकाश होतात. पण एकूण संख्येवर मर्यादा घालण्याचा आग्रह भारताच्या प्रतिनिधींनी धरावा, असे जनमत येथे तयार करणे हे कोणाच्याही संमतीवाचून सुरू करता येण्यासारखे काम आहे.

आणि जो मराठी प्रवासी आयुष्यभराची पुंजी मोडून उशुआयाला जाणारच असेल, त्याने दोन दिवस नव्हे, तीन दिवस आधी जावे. शहरातल्याच कोणाच्या घरगुती खानावळीत उतरावे. तुरुंगाच्या संग्रहालयात रादोवित्स्कीचे नाव शोधावे. पर्यटकांच्या रस्त्यावरून वर चढून डोंगरउतारावरील वस्तीपर्यंत जावे. संप असेल तर तो कशासाठी आहे हे विचारावे. धक्क्यावर एखादा गोव्याचा तारवटी भेटला तर त्याचा करार किती महिन्यांचा आणि घरी जाऊन किती दिवस झाले, हेही विचारावे. ग्रिटविकेनच्या शिकाऱ्यांप्रमाणे या माणसांनाही पुढच्या हवामानाचा अंदाज असतो, आणि तो ऐकून घेण्यासाठी एक महिना लागत नाही.